देव्हाऱ्यामागची सात पिस्तुलं

जोहाना, तोयामा
५ नोव्हेंबर २०१८

मिसाओ,

पाकिटावर तुझं अक्षर बघून पहिल्यांदा वाटलं, कुणीतरी गेलं. मरणाची बातमी सोडली तर तू मला पत्र लिहिशील असं दुसरं काही उरलंय, हे मला ठाऊक नव्हतं. चष्मा पुसून दोनदा वाचलं. घर विकून टाका आणि आमच्याकडे कानाझावाला राहायला या, असं लिहिलं आहेस. एकोणीस वर्षांनी आलेलं पत्र, आणि त्यात एक टोमणा नाही. ही आपलीच मुलगी का, अशी शंका आली.

पडलो हे खरं आहे. पण शेजारच्या नोजिरीबाईंनी तुला कळवलं तसं जिन्यावरून नाही. झाडावरची पर्सिमनची फळं उतरवताना शिडीवरून पडलो, तेही दुसऱ्या पायरीवरून. कंबर दुखते, मोडलेली नाही. नोजिरीबाईंना माणूस पडलेला पुरत नाही, तो उंचावरून पडावा लागतो.

येणं मात्र जमायचं नाही. कारणं सांगतो. एक, पर्सिमन सोलून ओसरीवर वाळायला टांगलेत, ते रोज हातानं दाबावे लागतात. दोन, हिवाळ्यात छपरावरचा बर्फ उतरवणारं कुणी नसेल तर घर बसेल. तीन, आपला देव्हारा. सहा फुटी देव्हारा तुमच्या फ्लॅटमध्ये कुठे मावणार? तुझ्या आईच्या नावाची पाटी त्यात आहे, माझ्या आईवडिलांच्या पाट्या त्यात आहेत. त्यांना सोडून मी कुठे जाऊ?

लहानपणी तू माझी कारणं बोटांवर मोजायचीस. तीनपेक्षा जास्त झाली की म्हणायचीस, बाबा खोटं बोलतायत. म्हणून तीनच दिली आहेत.

नातीचा फोटो पाठवलास. हनुवटी तुझ्या आईची, यासुएची आहे. फोटो देव्हाऱ्यापाशी ठेवला होता, मग उचलून जेवणाच्या टेबलावर ठेवला. तिथे मी जास्त वेळ असतो.

बाबा


जोहाना
२४ नोव्हेंबर

मिसाओ,

आता हे नवीनच काढलंस. देव्हाराही घेऊन या म्हणे. आमच्या जावयानं, काझुनारींनी, खोलीची उंची मोजलीय म्हणे, मित्राचा टेम्पो घेऊन ते डिसेंबरच्या शेवटी येणार आणि स्वतःच्या हातानं देव्हारा सुटा करणार. अगं, मी पासष्ट वर्षं देव्हारे सुटे करण्यात घालवली. मोठ्या देव्हाऱ्याचे तीनशेच्या वर तुकडे होतात आणि प्रत्येकाच्या मागे मिस्त्रीनं पेन्सिलीनं खूण केलेली असते. ते काम पोलिसाचं नाही. त्यांनी चोर पकडावेत.

हे वाचून तू रागावशील. रागाव. पण त्यांना आणू नकोस. यायचं असेल तर एकटी ये. देव्हाऱ्याला हात लावायचा नाही, एवढं कबूल करून ये.

परवा इथल्या चौकीचा नवीन शिपाई आला होता. कुवाजिमा नाव, पंचविशीचा, कान बाहेर आलेले. वर्षातून एकदा घरोघर फिरून माणसं टिपून घेतात तसा आला होता.

"आजोबा, घरात माणसं किती?"

"मोजा की."

"म्हणजे एकच."

"तुम्हाला खात्यात उगाच नाही घेतलं."

हसला बिचारा. मग म्हणाला, "मुलगी कानाझावाला असते ना? आणि जावई आपल्याच खात्यात. नोजिरीबाई सांगत होत्या."

"नोजिरीबाईंनाच खात्यात घ्या. निम्मं काम हलकं होईल."

वळण चांगलं आहे त्याचं. चहाला हात लावण्याआधी देव्हाऱ्यापुढे जाऊन बसला, घंटा वाजवली, हात जोडले. तुझ्या आईसाठी. मी मागे उभा राहून त्याची पाठ बघत होतो. उठताना त्यानं सोन्याच्या वर्खावरून नजर फिरवली आणि म्हणाला, "काय काम आहे हो, आजोबा. मागची बाजूही अशीच असते का?"

"मागे भिंत असते," म्हणालो.

त्यानं चहा घेतला, दोन पर्सिमन पिशवीत टाकून घेतले, गेला. मी संध्याकाळपर्यंत तिथेच बसून होतो. हे तुला का लिहितोय कळत नाही. इथे दुसरं बोलायला कुणी नाही म्हणून असेल.

बाबा


जोहाना
८ डिसेंबर

मिसाओ,

तुझं पत्र मिळालं. या वेळी टोमणे आहेत, त्यामुळे तूच लिहिलंयस याची खात्री पटली.

तू लिहितेस, "तेव्हाही तुम्ही त्यांना दारात उभं केलंत, हातात मिठाईचा डबा असलेल्या माणसाला. आता आईही नाही, तरी तुमचं तेच. त्यांनी तुमचं काय घोडं मारलंय, एकदा सांगा, म्हणजे मी पुन्हा विचारणार नाही."

त्यांनी माझं काही वाकडं केलेलं नाही. सांगतो. एकदाच सांगेन, पुढचं पान वाचायचं की नाही ते तू ठरव. वाचलंस तर ते तुझ्याही डोक्यावर येईल. मी चार दिवस पेन हातात घेऊन ठेवत होतो. पण ऐंशी ओलांडलेला बाप पोलीस जावयाला तुच्छ समजतो, एवढंच तू मनात धरून मेल्यावर मला अग्नी देशील, हे मला सहन होत नाही.

आपल्या देव्हाऱ्याच्या मागे मी दुसरी फळी बसवलेली आहे. तिच्या आत सात पिस्तुलं आहेत. लष्करी, जुनी, आपल्याच देशात बनलेली. खरी आहेत, सातही चालतात.

आमच्या धंद्यात काय होतं तुला माहीत आहे. चाळीस-पन्नास वर्षांनी एकदा घरचा देव्हारा पूर्ण सुटा करायचा, धुवायचा, नवीन लाखेचा लेप, नवीन वर्ख. घरचे लोक सुटा करताना समोर थांबत नाहीत, ते बरं दिसत नाही. त्यामुळे पोकळीत, पायऱ्यांखाली, मागच्या फटीत जे काही असेल ते पहिल्यांदा आमच्या हाताला लागतं. बाळाच्या नाळेची डबी, कुणाची प्रेमपत्रं, पदकं. आणि पिस्तूल. लष्करी अधिकाऱ्याला तेव्हा पिस्तूल स्वतःच्या पैशानं घ्यावं लागायचं. म्हणून घरच्यांच्या लेखी ते सरकारचं नव्हतंच, बाबांच्या घड्याळासारखं बाबांचं होतं. लढाई हरल्यावर सगळी शस्त्रं जमा करा म्हणाले, तेव्हा काही बायकांनी ते देव्हाऱ्यात सारलं. तिथे अमेरिकन शिपाईसुद्धा हात घालत नसत.

पहिलं मला एकसष्ट साली मिळालं, फुकुमित्सूच्या त्सुकिओका आजींच्या घरी. मी चोवीस वर्षांचा. हातात ते जड गाठोडं घेऊन मी त्यांच्यापुढे गेलो.

"आजी, हे मागच्या बाजूला होतं."

"नव्हतं, मिस्त्री."

"काय नव्हतं?"

"तुमच्या हातात जे आहे ते. तिथे कधीच नव्हतं." आणि आत जाऊन त्यांनी सलगमाच्या लोणच्याची बरणी आणून माझ्या हातावर ठेवली. विषय संपला.

मी मूर्ख, मला वाटलं याची रीतसर नोंद करून घेऊ. तलवारींची होते तशी. तोयामाला सरकारी कचेरीत तलवारी तपासून कागद देण्याचा दिवस असायचा. मी रांगेत उभा राहिलो, पुढे-मागे सगळ्यांच्या हातात लांब गाठोडी, माझंच आखूड. तपासणारे म्हातारे गृहस्थ होते. त्यांनी पहिली गाठ सोडली, आत बघितलं आणि परत गाठ मारली.

"पोरा, तलवारीला कागद मिळतो. ठासणीच्या बंदुकीला मिळतो. याला नाही मिळत, आज नाही आणि कधीच नाही. इथून सरळ चौकीत जा. आज गेलास तर चहा पाजतील. उद्या गेलास तर विचारतील, काल कुठे होतास."

मी निघालो. चौकीसमोरून गेलो. बाहेर एक पोलीस सायकल पुसत होता, त्यानं मान हलवून नमस्कार केला, मीही केला, आणि बसमध्ये जाऊन बसलो. काल कुठे होतास, याला सत्तावन्न वर्षं झाली.

का, ते विचारशील. माझे वडील साधे शिपाई, फिलिपिन्सच्या लढाईत लुझोनमध्ये गेले. आपल्याकडे एक पांढरी पेटी आली. आईनं ती उघडली तर आत नाव लिहिलेला कागद. बाकी काहीच नाही, मिसाओ. हाड नाही, बटण नाही. मी आठ वर्षांचा होतो, पेटी हलवून बघितली म्हणून आईनं थोबाडीत मारली. आणि इथे दुसऱ्यांच्या घरी आपल्या बाबांनी कमरेला लावलेली वस्तू माझ्या हातात होती, आणि त्यांना ती नको होती. ती वितळवायला द्यायला माझा हात धजावला नाही. हे पहिल्या पिस्तुलाचं झालं. पुढच्या सहांचं खरं सांगायचं तर मला नाद लागला. तोच माणूस, तेच हात, पण आता मी देव्हारा सुटा करताना मागच्या फळीशी पोचलो की छातीत धडधडायचं, आणि काही नसलं की दिवसभर कुणाशी नीट बोलायचो नाही.

आता सांगतोच आहे तर पाचव्याचं सांगू दे. सत्याहत्तर साली मिळालं. ते नांबू बनावटीचं, अगदी पहिल्या घडणीचं आहे, मेइजी काळातलं, शंभर वर्षांपलीकडचं. पट्टा अडकवायची मागची कडी पक्की बसवलेली आहे, ती फिरत नाही. पुढे त्यांनी ती फिरती केली. गोळ्यांच्या खोक्याचं बूड लाकडी आहे, नंतर धातूचं आलं. अशी थोडीच बनली, उरली त्याहून थोडी. परदेशात ही लोक काचेच्या कपाटात ठेवतात, पाहुण्यांना दाखवतात, त्यावर जाडजूड पुस्तकं लिहितात. मी एका माणसाला दाखवलेलं नाही. एक्केचाळीस वर्षं ते माझ्याकडे आहे आणि त्याच्या कडीबद्दल आज पहिल्यांदा कुणाशी तरी बोलतोय. हे लिहिताना मला आनंद झाला, हेही लिहून टाकतो. लाज वाटते, पण झाला.

टाकून द्यायला शोगावा नदीच्या पुलावर दोनदा गेलो. दोन्ही वेळा पिशवी घेऊन परत आलो. 

तुझ्या आईला होक्काइदोला जायचं होतं. एवढंच एक तिनं माझ्याकडे मागितलं. मी म्हणायचो, देव्हारा असलेलं घर रिकामं ठेवू नये. सबंध संसारात मी एका रात्रीपेक्षा जास्त घर सोडलं नाही. तिला कधी कळलं का, मला माहीत नाही. शेवटी दवाखान्यात म्हणाली, "तुमच्या देव्हाऱ्यापुढे माझं काही चाललं नाही." हसून म्हणाली. मी त्या हसण्याचा अर्थ अजून लावतोय.

आणि तू पोलिसाशी लग्न करते म्हणालीस. लग्नाआधी खातं मुलीच्या घरची चौकशी करतं. आपल्याकडे आलेला पाहुणा पहिल्यांदा देव्हाऱ्यापुढे बसतो. काझुनारी मिठाईचा डबा घेऊन दारात आले, तेव्हा आत या म्हटलं की ते सरळ तिथेच जाणार होते. मी त्यांना उंबऱ्याबाहेर ठेवलं. तुला वाटलं माझ्या मनात तिरस्कार आहे. मला भीती वाटत होती. भीती दाखवता येत नव्हती म्हणून ओरडलो, त्यांच्या घरी गेलीस तर या घराला तू मेलीस असं म्हणालो. ते वाक्य मी रोज ऐकतो.

यासुएच्या अंत्यविधीला मात्र त्यांना अडवता आलं नाही. काळ्या कोटात ते देव्हाऱ्यापुढे बसले, उदबत्ती लावली, बराच वेळ डोळे मिटून होते. त्यांच्या आणि पाचव्या पिस्तुलाच्या मध्ये एक हात अंतर होतं.

बाबा


जोहाना
१९ डिसेंबर

मिसाओ,

तुझं उत्तर चार ओळींचं आहे. मी पाठच केलंय, हे असं: काझुनारींना एप्रिलमध्ये ठाण्याचं प्रमुखपद मिळणार, त्यांच्या निवृत्तीला दहा वर्षं आहेत, तोपर्यंत कुणाशी काही बोलू नका. घर विकू नका. इकडे येऊ नका. टेम्पोचं मी रद्द केलं, बाबांचा हट्ट आहे असं सांगितलं.

रडलीस का, रागावलीस का, काही लिहिलं नाहीस. अक्षर मात्र कुठे हललेलं नाही. शाबास म्हणावंसं वाटलं आणि मग पत्र उलटं करून ठेवलं. पहिलं खोटं मीही असंच जेवता जेवता तुझ्या आईला सांगितलं होतं. तीही म्हणाली होती, बरं.

दहा वर्षांनी मी एक्क्याण्णव वर्षांचा होईन. तू माझ्या कंबरेचा विचार केलेला दिसत नाही. समज, मी फेब्रुवारीत बर्फ काढताना गेलो. घर तुझ्या नावावर. ते मोकळं करायला कोण येणार? तू आणि काझुनारी. ते टेम्पो आणणार, प्रेमानं देव्हारा सुटा करणार, कारण तो सासूबाईंचा आहे. तू शेजारी उभी राहून काय करणार? मागच्या फळीला हात लावू नका म्हणणार? नाहीतर त्याआधी एकटी येऊन सात गाठोडी उचलून कुठे नेणार? आणि तोवर दहा वर्षं रोज त्यांना डबा भरून देताना तुझ्या मनात ती सात असणार.

पत्र पाठवलं तेव्हा मला वाटलं होतं, मी मोकळा होतोय. मी फक्त तुला आत ओढलं आणि दार लावून घेतलं. तू माझ्याकडे काय मागत होतीस? म्हातारा बाप जवळ असावा, एवढंच. त्याच्या बदल्यात मी तुला काय दिलं बघ.

थोडे दिवस दे. मी काहीतरी करतो.

बाबा


जोहाना
२६ डिसेंबर

मिसाओ,

हे शेवटचं. नीट वाच आणि जाळून टाक. आधीचीही सगळी जाळ.

सकाळी उजेड पडल्यावर मी मागची फळी काढली. सातही बाहेर घेतली, प्रत्येकाला तेलाचा बोळा फिरवला. प्रत्येकाच्या फडक्यावर मी त्या त्या घराचं नाव शाईनं लिहून ठेवलं होतं. ती सात फडकी शेगडीत घातली. त्या घरांतली माणसं मला विश्वासानं लोणच्याच्या बरण्या देत होती, त्यांच्या नातवंडांच्या दारात पोलीस जाऊ नयेत. विचारतील तर सांगेन, जुन्या देव्हाऱ्यांमध्ये मिळाली, कुठल्या ते आठवत नाही. एक्क्याऐंशी वर्षांच्या माणसाला एवढी सूट मिळते.

पाचवं सगळ्यात शेवटी पुसलं. कडी अंगठ्यानं दाबून बघितली. नाहीच फिरत. मग ते बाकीच्यांच्या रांगेत ठेवलं. ही सगळी एका भट्टीत जाणार, आणि नोंदवहीत "जुनी पिस्तुलं, नग सात" एवढंच लिहिलं जाईल. त्यातलं एक वेगळं होतं हे त्यांना मी सांगणार नाही. तुला ठाऊक आहे, तेवढं पुरे.

चौकीत फोन केला. कुवाजिमानं उचलला. "काय आजोबा, पर्सिमन संपले का?" म्हणाला. मी म्हणालो, साहेबांना घेऊन दहा वाजता या, घरात पिस्तुलं आहेत. मग म्हणाला, "आजोबा, तुम्ही ठीक आहात ना?" इतकी वर्षं मी या लोकांना घाबरत होतो, आणि त्यानं सगळ्यात आधी हे विचारलं.

आता तुझं. सासरा असा निघाला म्हटल्यावर खातं काझुनारींना विचारेल, तुम्हाला माहीत होतं का. त्यांना माहीत नव्हतं, ते तसंच सांगतील. मग तुला विचारतील. तू सांग, लग्नाच्या वेळी बापानं मला मेलीस म्हटलं, नवऱ्याला दारात उभं केलं, त्यानंतर मी त्या घरी गेले नाही. आईच्या अंत्यविधीला आले ती दुसऱ्या बाजूला बसले आणि संध्याकाळच्या गाडीनं परत गेले. सबंध गावानं ते पाहिलंय. नोजिरीबाई शपथेवर सांगतील, आणि एकदा त्यांच्या तोंडात गेलं की पुरावा लागत नाही. यातला एक शब्द खोटा नाही. मी तुझ्याशी जे वाईट वागलो, त्याच्या आड आता तू उभी राहा.

म्हणून नवीन वर्षाला येऊ नकोस. भेटकार्डही पाठवू नकोस. मला कुठे ठेवतील, किती दिवस ठेवतील, माहीत नाही. वय बघून घरीही सोडतील कदाचित. तेव्हाही येऊ नकोस. एप्रिल जाऊ दे, पुढचा एप्रिलही जाऊ दे. आपलं भांडण मिटलंय हे कुणाला दिसता कामा नये. तुझं पहिलं पत्र मी ठेवून घेणार होतो, घर विका आणि या म्हणणारं. तेही शेगडीत घातलं. नातीचा फोटो घातला नाही. आजोबाकडे नातीचा फोटो असला म्हणून कुणी काही म्हणणार नाही.

काझुनारींना किती सांगायचं ते तू ठरव. मला विचारू नकोस, विचारायचं तर पत्र लिहावं लागेल. ते देव्हाऱ्यापुढे डोळे मिटून बसले होते तेव्हा मला फार वाटलं होतं की त्यांच्या शेजारी जाऊन बसावं. हे मात्र त्यांना कधीतरी सांग.

दहाला वीस मिनिटं आहेत. टपालपेटी कोपऱ्यावरच आहे, हे टाकून परत येतो. मी रोज टपालाची वाट बघणार आहे, मिसाओ, ते काही माझ्यानं थांबणार नाही. तरी उत्तर देऊ नकोस.

बाबा